सशांना धरणारी

त्या इमारतीत तिला सगळे मावशी म्हणत. इमारतीच्या पुढच्या अंगाला काच होती, कुंड्या होत्या, पाहुण्यांसाठी मऊ खुर्च्या होत्या. मावशीचं दार मागच्या बाजूला होतं, कचऱ्याची गाडी लागते तिथे. दारावर पाटी नव्हती. आतले लोक त्याला प्राणीघर म्हणत, आणि बाहेरच्यांनी काही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता, कारण असं काही तिथे आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी ते इथे उंदरांच्या आणि सशांच्या पोटात जाई.

नवरा गेला तेव्हा मावशी एकतीस वर्षांची होती, पदरात नऊ वर्षांची मुलगी. शिक्षण सातवी. तिला फरशी पुसायला घेतलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात एक ससा कुणाच्या तरी हातून निसटला आणि रॅकखाली शिरला. तीन पुरुष माणसं पांढऱ्या कोटासकट फरशीवर पालथी पडून त्याला हुसकत होती आणि ससा काही हाती लागत नव्हता. मावशी झाडू बाजूला ठेवून भिंतीला टेकून बसली. हलली नाही, बोलली नाही. पाचेक मिनिटांनी ससा आपणहून तिच्या पायाशी आला. तिने एक हात त्याच्या छातीखाली घातला, दुसरा ढुंगणाखाली, आणि उचलून घेतला. सशाने तोंड तिच्या काखेत खुपसलं आणि तो निपचित पडून राहिला.

हे सगळं दादा बघत होते. दादा म्हणजे तिथले सगळ्यात जुने सेवक, पाठीत वाकलेले, बोलायला तिखट.

“पोरी, झाडू ठेवून दे आता,” ते म्हणाले. “तुझ्या हाताला गुण आहे. वाईट गुण आहे, पण आहे.”

वाईट का, ते तिला पुढच्या आठवड्यात कळलं. तिच्या हातात ससा शांत राही, म्हणूनच कानाच्या शिरेत सुई नीट लागे. बाकीच्यांच्या हातात जनावर धडपडायचं, सुई दोनदा-तीनदा टोचावी लागायची. मावशीने धरलं की एकदाच. सशाने विश्वासाने तोंड काखेत घालावं आणि त्याच अंधारात त्याच्या कानात औषध शिरावं, किंवा शेवटच्या दिवशी, ज्याने श्वास थांबतो ते. तळहाताखाली काळीज धडधडत असे, मग मंद होई, मग तळहातच उरे.

पहिल्या वेळी ती मोरीत जाऊन ओकली. दादांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, “हे बघ, सशाला दोनच गोष्टी कळतात, खाणं आणि पळणं. पळायला आपण जागा ठेवली नाही. निदान खाणं तरी वेळेवर घालू.” यावर ती हसली, आणि हसली म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

दादा निवृत्त झाले, पुढे वारलेही. मावशी मात्र राहिली. एव्हाना तिला तिथे एकोणीस वर्षं झाली होती. सकाळी सहाला दार उघडायचं, पाण्याच्या बाटल्या बघायच्या, पिंजऱ्यांखालचे ट्रे बदलायचे, दाणा मोजून घालायचा, कानावरचे गोंदलेले आकडे बघून सांगितलेला ससा काढून द्यायचा. लघवीचा तिखट वास कपड्यांत, केसांत, नखांत बसे. घरी गेल्यावर ती आधी अंघोळ करी, मग चहा. हे काम बरं की वाईट, हा विचार तिने कधी केला नाही असं नाही. पण घरी एक पोर वाढत असताना असे विचार पुढे ढकलता येतात, आणि ढकलत ढकलत वर्षं जातात. पोर शिकली, परिचारिका झाली, तिचं लग्न झालं. ती आता एका मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात होती.

मग ती ऐंशी माद्यांची तपासणी आली.

औषध होतं फिट येण्यावरचं. ज्या बाईला फिट येतात तिला दिवस गेले तरी गोळी बंद करता येत नाही. बंद केली तर बाई जाते, आणि चालू ठेवली तर पोटातल्या पोराचं काय होईल सांगता येत नाही. म्हणून गाभण सशांवर बघायचं. ऐंशी माद्या आणल्या. चार गट केले. साठ माद्यांना औषध, वीस-वीसच्या गटांत कमी, मध्यम आणि जास्त. उरलेल्या वीस माद्यांना नुसतं पाणी, तुलनेसाठी. या पाण्यावरच्या वीसजणी पश्चिमेच्या भिंतीकडच्या रॅकवर वेगळ्या ठेवल्या, चुकून त्यांना औषध जाऊ नये म्हणून.

रोज सकाळी मावशी एकेक मादी धरी आणि तिथली डॉक्टरबाई तोंडातून बारीक नळी घालून औषध सोडी. डॉक्टरबाई जनावरांची डॉक्टर होती, पस्तिशीची, शांत. एकदा नळी धुता धुता ती म्हणाली होती, “मावशी, मी या शिक्षणाला गेले ती जनावरं बरी करायला. आमच्या घरी अजून तसंच समजतात.” मावशीने धुतलेली नळी फडक्यावर वाळत ठेवली.

तपासणीच्या मध्यावर एक शनिवार-रविवार आला. मावशीच्या मुलीचं बिऱ्हाड नव्या जागेत हलायचं होतं, दुसरा मजला, जिना अरुंद. त्या दोन दिवसांत औषध द्यायला डॉक्टरबाईच्या जागी दुसऱ्या विभागातला माणूस सकाळी तासभर येणार होता. बाकी सगळं मावशीकडे होतं: दिवसातून तीनदा खोलीत जायचं, तापमान बघायचं, वहीत लिहायचं, सही करायची. वीस, एकवीस, वीस. त्या वहीत बारा महिने एकच ऋतू होता. आकडा न बघता लिहायची सवय सगळ्यांनाच होती. यंत्र चालूच असे, आकडा बदलेल कशाला?

शनिवारी सकाळी तिने जास्तीच्या बाटल्या भरल्या, दाणा घातला, औषध देणाऱ्या माणसाबरोबर ऐंशी माद्या धरल्या. मग वही उघडली आणि शनिवारची दुपार, संध्याकाळ लिहून टाकली. पेन हातात होतंच. रविवारी सकाळी तेवढ्यापुरती आली, माद्या धरल्या, आणि निघताना रविवारचेही रकाने भरून टाकले. दुपारी ती मुलीच्या जिन्यावरून गादी चढवत होती.

सोमवारी सहाला दार उघडलं आणि तोंडावर गरम झळ बसावी तशी हवा आली. पश्चिमेच्या भिंतीवरचं गार हवेचं यंत्र बंद पडलं होतं. त्याचा पंखा मात्र चालू होता, आणि आदल्या दुपारपासून तो बाहेरची उन्हाळ्याची तापलेली हवा आत ओढत होता. दुसऱ्या टोकाचं यंत्र एकट्याने दम टाकत होतं, त्यामुळे दाराकडचे रॅक थोडे बरे होते. पश्चिमेकडच्या वीसजणी पिंजऱ्यात आडव्या पसरल्या होत्या, कान लालबुंद, तोंडं उघडी, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. भिंतीवरच्या तापमापकात, तापमान जास्तीत जास्त किती गेलं ते दाखवणारा, वर जाऊन अडकलेला लाल काटा सदतिसावर होता.

मावशी धावली. ओल्या फडक्यांनी कान पुसले, दार उघडं टाकलं, बर्फाच्या पिशव्या पिंजऱ्यांवर ठेवल्या. वायरमनला हाक मारून आणलं. त्याने मागचा खटका वर केला आणि यंत्र सुरू झालं. रविवारी यंत्रांची फेरी मारायचं काम त्याचं होतं. त्यानेही मारली नव्हती. तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, “मावशी, नोंद नको. तुमचंही जाईल, माझंही जाईल. मेलंय का कुणी?”

कुणी मेलं नव्हतं.

डॉक्टरबाई आली तेव्हा खोली बावीसवर होती. मावशीने बटण दाबून लाल काटा खाली आणला होता, ओली फडकी पिळून वाळत घातली होती. वहीत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: वीस, एकवीस, वीस. कुणी मेलं नाही, मग झालं काय, असं तिने स्वतःला सांगितलं. पण त्या दिवसापासून डॉक्टरबाईने सहज जरी हाक मारली तरी ती हातातलं काम टाकून आधी त्या वहीकडे बघे.

गाभण राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशी, विण्याआधीच, माद्या मारून पोटं उघडायची होती. एका दिवसात ऐंशी होत नाहीत, म्हणून दोन दिवस. मावशी धरी, सुई लागे, काळीज थांबलं की ती मादी टेबलावर देई आणि पुढची आणायला वळे. मागे डॉक्टरबाई मोजून बोलत असे आणि लिहिणारा लिहीत असे. “जिवंत सहा. मेलेलं एक. विरलेले दोन.” विरलेले म्हणजे जे गर्भ धरले पण वाढलेच नाहीत, आतल्या आत विरून गेले.

पाण्यावरच्या माद्या निघाल्या आणि डॉक्टरबाईचा आवाज बदलला. “जिवंत तीन. विरलेले पाच.” पुढची. “जिवंत दोन. विरलेले सहा.” पुढची. “एकही नाही.”

संध्याकाळी विभागाचे साहेब आले. केस पांढरे, बोलणं मऊ. डॉक्टरबाईने कागद त्यांच्यापुढे सरकवला.

“सर, यांना तर नुसतं पाणी दिलंय. यांच्यात एवढं नुकसान कसं?”

साहेबांनी दोन्ही रकाने पाहिले. “जास्त औषधाच्या गटातही जवळपास एवढंच आहे. म्हणजे फरक नाही. म्हणजे दोष औषधाचा नाही, या माद्यांच्या जातीचाच असेल. चांगलंच आहे की.”

मावशी मागे ट्रे धूत होती. तिने नळ बंद केला नाही, पण तिला सगळं ऐकू आलं, आणि सगळं कळलंही. सातवी शिकलेल्या बाईला कळायला ते काही अवघड नव्हतं. ज्यांच्याशी तुलना करायची त्यांनाच तिने उन्हात भाजून काढलं होतं. आता औषधाने कितीही गर्भ मारले असते तरी ते जास्त दिसणार नव्हते.

दोन दिवस तिने नेहमीसारखे ट्रे बदलले, दाणा मोजला. तिसऱ्या दिवशी कामावरून थेट मुलीच्या नव्या घरी गेली. मुलगी ओट्यापाशी भाजी चिरत होती. मावशीने विचारलं, “तुमच्याकडे गरोदर बायका गोळी घेताना काही विचारतात का ग?”

“विचारतात ना. सगळ्याजणी एकच विचारतात, बाळाला काही होणार नाही ना?”

“मग तुम्ही काय सांगता?”

“सांगतो, तपासलेलं आहे.” मुलीने सुरी थांबवली नाही. “त्यापुढे कोण विचारतंय? विचारलं तरी आम्हाला कुठे माहीत असतं, कुणी तपासलं आणि कसं. का ग?”

“काही नाही.”

“आई, काय झालंय?”

तेव्हा मावशीने सांगितलं. जिन्यावरची गादी, वही, लाल काटा, सगळं. मुलगी ऐकत राहिली. मग म्हणाली, “माझ्या सामानासाठी तू...” आणि पुढचं वाक्य तिने गिळलं. सुरी खाली ठेवून विचारलं, “सांगितलंस तर काय होईल?”

“पुन्हा ऐंशी आणतील. पुन्हा मीच धरीन.”

“आणि नाही सांगितलंस तर?”

मावशीने भाजीच्या सालांचा ढीग एका बाजूला सारला, पुन्हा मधे आणला. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते माणसाने स्वतःच्या हाताने खणलेलं असलं की कुणाला वाटही विचारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरबाईच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच म्हणाली, “बाई, वहीतले आकडे खोटे आहेत.”

डॉक्टरबाईने सगळं ऐकलं. कागदावर खोलीचा चौकोन काढला, यंत्र कुठे ते विचारलं, रॅक कुठे ते विचारलं. पेन खाली ठेवलं.

“तेव्हाच का नाही सांगितलंत, मावशी?”

“कुणी मेलं नव्हतं.”

“पोटातले मेले ना.”

मावशीने कागदावरच्या चौकोनात पश्चिमेच्या रॅकवर बोट ठेवलं.

“तुम्हाला कळतंय ना, आता काय होईल ते? सगळी तपासणी रद्द. गेल्या त्या ऐंशीजणी आणि त्यांच्या पोटातली सगळी पिल्लं, सगळं फुकट. आणि पुन्हा नव्याने ऐंशी.”

“कळतंय.”

“मग अजूनही विचार करा. मी हे ऐकलं नाही असं मी म्हणू शकणार नाही. पण तुम्ही म्हणू शकता की तुम्ही बोलला नाहीत.”

“बाई, ती गोळी कुणीतरी घेणार आहे.”

डॉक्टरबाई उठली. “चला वर.”

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दार लावून घेतलं, मावशीला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हणाले, “मावशी, एकोणीस वर्षांत तुमची एक चूक. माणूस आहे, होते. पण तुम्हाला जनावरांची माया आहे, हे सगळी इमारत जाणते. मग मला एवढंच सांगा, आणखी ऐंशी गाभण माद्या मारायला लावणारी ही माया कसली?”

मावशीने मान खाली घातली. तिला राग आला असता तर बोलता आलं असतं. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हाच प्रश्न ती तीन दिवस स्वतःला विचारत होती.

“याला उत्तर नाही माझ्याकडे, साहेब,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काय. आकडे खोटे आहेत.”

डॉक्टरबाई म्हणाली, “सर, चूक त्यांची आहे. पण अहवालावर सही आपली असणार.” खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं पीं-पीं चालू होतं. ते थांबलं तेव्हा साहेबांनी फोन उचलला.

तपासणी रद्द झाली. मावशीला लेखी समज मिळाली; ते पत्र तिने दोनदा वाचून घडी करून ठेवलं. वायरमनला दुसऱ्या इमारतीत धाडलं. जिन्यात समोर आला तर तो भिंतीकडे तोंड करून उभा राही. डबा खाताना बाकीच्या बायका सरकून जागा देत, पण आधी जसं तिच्या डब्यात हात घालीत तसं आता कुणी घालेना. दोन जणींनी तोंडावर विचारलं, “सांगून काय मिळवलंत मावशी? मेलेल्या काय परत आल्या?”

पाच आठवड्यांनी गाडीतून नव्या ऐंशी माद्या उतरल्या. पांढऱ्या, तरण्या, नाकपुड्या फडफडवत. मावशीने पेटाऱ्यातून त्या उतरवून घेतल्या, पाणी लावलं, आणि सरळ साहेबांकडे गेली. “झाडणं, धुणं, खाणं, रात्रपाळी, काय सांगाल ते करीन. पण धरणार नाही. या वेळी मला धरायला लावू नका.”

साहेब कडू हसले. “बरं. तुमचे हात काही सोन्याचे नाहीत.”

धरायला गोदामातला एक माणूस दिला. मनाने वाईट नव्हता, पोती उचलून हात दणकट झालेले. डॉक्टरबाईने त्याला दोन दिवस दाखवलं. पहिले चार दिवस कसेबसे निभावले. पाचव्या सकाळी मावशी पलीकडच्या मोरीत बाटल्या विसळत होती आणि तिला तो आवाज आला. सशाला आवाज असतो हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. वर्षानुवर्षं तो तोंडातून काढत नाही. आणि काढला की लहान मूल किंचाळावं तसा असतो.

ती ओल्या हातांनी धावली. मादी टेबलावर होती. पुढचे पाय धडपडत होते, मागचे मात्र ओल्या फडक्यासारखे लोंबत होते. सशाचे मागचे पाय मोकळे राहिले आणि त्याने घाबरून जोराने झटका दिला, तर त्याचा स्वतःचाच कणा मोडतो. या माणसाने मान आणि खांदे घट्ट आवळले होते, मागचा भाग सोडून दिला होता. डॉक्टरबाई सुई भरत होती. मावशीने त्या मादीला उचललं, खालून आधार दिला, तोंड काखेत घेतलं. सुई लागली.

तो माणूस कोपऱ्यात उभा राहून पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मी घट्ट धरलं होतं हो मावशी, घट्ट धरलं होतं.”

“घट्ट धरायचं नसतं, भाऊ,” ती म्हणाली.

तिने मेलेली मादी खाली ठेवली, हात धुतले, कोट चढवला आणि पुढचा पिंजरा उघडला. कुणी तिला सांगितलं नव्हतं आणि कुणी आभारही मानले नाहीत. त्या दिवशी उरलेल्या सगळ्या माद्या तिनेच धरल्या, आणि त्यानंतर रोज. कणा मोडलेलीच्या जागी एक नवीन आली. म्हणजे ऐंशी नव्हेत, एक्याऐंशी. ती हे मोजत होती, कारण दुसरं कुणी मोजत नव्हतं.

त्या चार आठवड्यांत तिने तापमापक जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा कुणी देवही पाहत नसेल. रविवारीही येई, दाराशी स्टूल टाकून बसे. यंत्र बंद पडलं तर वाजणारी घंटा बसवा, असं तिने साहेबांना तीनदा सांगितलं. घंटा बसली, पण आठ महिन्यांनी.

अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा तेच. दोन दिवस, एकामागून एक. मागून डॉक्टरबाईचा आवाज. पाण्यावरच्या: “जिवंत आठ. जिवंत नऊ. जिवंत आठ, विरलेलं एक.” जास्त औषधाच्या: “जिवंत चार. विरलेले चार.” मग एकदा खालच्या आवाजात, “याच्या पाठीचा कणा जुळलेला नाही.” असे त्या गटात तीन निघाले. कमी औषधाच्या गटात काही निघालं नाही.

मावशी वळून बघत नव्हती. पण शेवटची मादी दिल्यावर ती तिथेच भिंतीला टेकली. डॉक्टरबाई हातमोजे काढत म्हणाली, “मावशी, पहिल्या वेळी हे दिसलंच नसतं.”

“पहिल्या वेळीही असे असतील का? ते मोडके?”

“होते दोन. आम्ही म्हटलं, असतो कधी कधी असा दोष. पाण्यावरच्यांचंच एवढं नुकसान झालेलं असताना त्या दोघांकडे कोण बघतंय?”

मावशीला वाटलं होतं, असं काही ऐकलं की मन हलकं होईल. नाही झालं. तिच्या बोटांना पेटके आले होते. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने उलगडत ती घरी गेली.

पुढच्या वर्षी, बोळकांडीतून जाताना, डॉक्टरबाईने सहज सांगावं तसं सांगितलं. ते औषध कंपनीने सोडून दिलं होतं. त्याच रोगावर दुसऱ्या कुणाचं तरी औषध आधी बाजारात आलं, यांना आता त्यात राम वाटेना.

“म्हणजे ते कुणीच घेणार नाही?”

“नाही.”

“जास्त दिलं तर कणा जुळत नाही, हे कुठे लिहून ठेवलंय का? दुसऱ्या कुणाला उपयोगी पडावं म्हणून?”

“आहे लिहिलेलं. कंपनीच्या कपाटात.” डॉक्टरबाई तिच्याकडे न बघता म्हणाली. “छापत नाहीत असलं. सोडलेल्या औषधाचं कोण छापतं?”

त्या संध्याकाळी मावशीने हे मुलीला सांगितलं. मुलगी नुकतीच दुपारपाळी करून आली होती, पाय गरम पाण्यात घालून बसली होती. “म्हणजे एकशे साठ,” ती म्हणाली.

“एकशे एकसष्ट. पिल्लं सोडून.”

“आई, आता सोड ना ती नोकरी. माझ्याकडे ये. खरंच सोड.”

“सोडली की गोदामातला धरील.”

“मग काय जन्मभर तूच धरणार? तू गेलीस म्हणून ते थांबणार नाहीत आणि तू राहिलीस म्हणूनही थांबणार नाहीत.”

“ते मलाही कळतं ग,” मावशी म्हणाली, आणि वाद तिथेच संपला, कारण दोघींचंही बरोबर होतं.

मावशी अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत तिथे राहिली. त्या वर्षांत तिने एक केलं: नवीन माणूस आला की त्याला महिनाभर ती स्वतः शिकवी आणि तो तयार झाला असं ती म्हणेपर्यंत त्याच्या हातात सुईसाठी जनावर देऊ नये, असं डॉक्टरबाईकडून लिहून घेतलं. डॉक्टरबाई वरच्या बैठकांत दर वेळी विचारू लागली, ऐंशी कशाला, साठात होणार नाही का? कधी हो म्हणत, बहुतेक वेळा नाही. घंटा त्या वर्षांत तीनदा वाजली. तिन्ही वेळा मावशी वेळेत पोचली.

शेवटच्या दिवशी तिला फुलं दिली, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी तिच्या निष्ठेबद्दल चार शब्द सांगितले. ती ऐकत होती, पण तिचं अर्धं लक्ष दुपारचे ट्रे बदलले की नाही याच्यातच होतं.

तिच्या आधी वर्षभर डॉक्टरबाईने ती नोकरी सोडली होती आणि एका बाजारपेठेच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाशेजारी, कुत्र्या-मांजरांचा छोटा दवाखाना थाटला होता. मावशी निवृत्त झाली हे कळल्यावर तिने फोन केला. “या ना मावशी. मला धरायला माणूस हवंय.”

मावशी पहिल्या दिवशी गेली. एका म्हातारीचं मांजर आलं होतं, पायाला खोल जखम. मावशीने धरलं, डॉक्टरबाईने टाके घातले, म्हातारी डोळे झाकून उभी राहिली. अर्ध्या तासाने मांजर पिशवीतून डोकं बाहेर काढून घरी निघालं. मावशी दारात उभी राहून त्या पिशवीकडे बघत राहिली, गल्लीच्या वळणापर्यंत. मग मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसली. डॉक्टरबाईने दोन वेळा हाक मारली, तरी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन आला तर म्हणाली, “अंग दुखतंय.” आठवड्याने मात्र गेली, आणि आता नेमाने जाते. कुत्री, मांजरं, पोपट, कुणाचं कासवसुद्धा ती धरते, आणि मालक बाहेर बसून सांगतात की या बाईंच्या हातात आमचं जनावर कसं गप्प राहतं. कधी एखाद्या मुलासाठी घेतलेला ससा येतो. तेव्हा डॉक्टरबाई काही न बोलता स्वतःच उठून त्याला धरते, आणि ससा घरी जाईपर्यंत मावशी मागच्या मोरीत भांडी विसळत राहते.